तपकिरी पाणी: एका जुन्या झेनचं प्रकरण

गाडी मारुती झेन, २००३ सालची, पेट्रोल, ९९३ सीसी. मीटर ९६,००० किलोमीटरच्या आसपास. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत मागच्या भिंतीला लागून ती उभी असते. गाडी बाबांची. आता ते क्वचित चालवतात, मीच जास्त.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दादरहून परत येत होते. पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरला, छेडानगरच्या अलीकडे, ट्रॅफिक तुंबलेलं. एसी चालू होता. टेम्परेचरचा काटा आमच्या गाडीत कधी पाव हिश्श्याच्या वर जायचा नाही (आणि हे मला कायम चांगलं लक्षण वाटायचं). तो बघता बघता अर्ध्यावर आला, मग लाल रेषेकडे सरकायला लागला. एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या, हीटरचा नॉब पूर्ण लाल बाजूला फिरवून ब्लोअर मोठा केला. मे महिन्यात मुंबईत हीटर लावणं म्हणजे अंगाची लाही, पण हीटर हा इंजिनाला जोडलेला दुसरा छोटा रेडिएटरच असतो, तेवढी उष्णता तो काढून घेतो. आमच्याकडे मात्र हवा जेमतेम कोमट आली. हे मी तेव्हाच मनात टिपून ठेवायला हवं होतं.

गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं. फॅन फिरत होता. एक बाइकवाले दादा थांबले, मदतीच्या भावनेनेच म्हणाले, झाकण उघडून पाणी ओता. मी उघडलं नाही. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो. तेवढा दाब झाकण धरून ठेवतं, त्यामुळे आत तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब एका क्षणात जातो, १०० च्या वर तापलेल्या पाण्यातलं काही जागीच वाफ होतं आणि ती वाफ उरलेलं उकळतं पाणी घेऊन तोंडावर येते. चाळीस मिनिटं थांबले. मग एसी न लावता, मोकळा रस्ता मिळेल तशी, काट्यावर नजर ठेवून घरी आले. विक्रोळीचा चढ चढताना काटा परत वर गेला.

ही चढावरची गोष्ट महत्त्वाची. नुसत्या ट्रॅफिकमध्ये गरम होते आणि गाडी पळायला लागली की उतरते, तर संशय फॅनवर घ्यायचा. पळतानाही, विशेषतः चढावर, काटा वर जात असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर आतून बुजलाय.

खालच्या मजल्यावरचे काका बेस्टच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेत. रविवारी सकाळी गाडी पूर्ण गार असताना त्यांनी झाकण उघडलं, बोट घालून बाहेर काढलं आणि मला दाखवलं. बोटावर चहाच्या गाळासारखा तपकिरी थर.

"पोरी, यात कूलंट कधी टाकलंय?"

बाबा गॅलरीतून म्हणाले, "पाणी टाकतो ना नेहमी. गाडी धुणारा येतो तो बादलीतून भरून देतो."

बाबांना दोष देता येत नाही. गाडी चालवायला लागल्यावर पहिली वीस वर्षं त्यांनी फियाट चालवली. कुर्ल्यात बनणाऱ्या त्या गाडीचा इंजिन ब्लॉक लोखंडी, रेडिएटर तांब्या-पितळेचा. गंजलं तर रेडिएटरवाल्याकडे न्यायचं, तो वरची टाकी उकलून नळ्यांमधून सळया फिरवायचा, परत डाग देऊन जोडायचा. झेनचं इंजिन ॲल्युमिनियमचं, रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची, दोन्ही कडेच्या टाक्या प्लास्टिकच्या. ती उकलून सळया मारायची सोयच नाही. आणि बादलीतलं पाणी आमच्या सोसायटीत बोअरिंगचं. पालिकेचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येतं, ते बऱ्यापैकी मऊ असतं. बोअरिंगचं पाणी जमिनीतले क्षार घेऊन येतं, आमच्याकडे खाडी जवळ असल्यामुळे चवीलाही मचूळ लागतं. गाडी धुणाऱ्याच्या बादलीला आतून जो पांढरा थर आहे, तोच थर आमच्या इंजिनात बसत होता.

काकांनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. इंजिन ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखी पांढरी मलई आहे का, आणि गाडी चालू करून रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात का. दोन्ही नव्हतं. यांपैकी काही दिसलं असतं तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधलं सील) गेल्याचा संशय घेऊन गाडी सरळ गॅरेजला न्यावी लागली असती, घरी पाणी बदलण्यात अर्थ नव्हता. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर झाकणाखाली थोडी मलई नुसत्या दमटपणामुळेही जमते. तेवढ्यावरून घाबरू नये, डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑइलही पाहावं.

पहिला रविवार

पहिल्या प्रयत्नात मी चूक केली, आणि ती बरेच जण करतात म्हणून सविस्तर लिहिते.

रेडिएटरच्या खालच्या बाजूला प्लास्टिकचा ड्रेन कॉक असतो. तो वीस वर्षांत कोणी हलवला नसावा. जोर केला तर तुटेल म्हणून काकांनी खालच्या होजची (रबरी नळीची) क्लिप सैल करून होजच ओढून काढला. खाली जुनी परात ठेवली होती. (ती परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, जाऊही नये.) तपकिरी पाणी आलं, मोजलं, दोन लिटरला थोडं कमी. होज बसवला, बाजारातून आणलेलं तयार हिरवं कूलंट रेडिएटरच्या तोंडापर्यंत भरलं, गाडी चालवून आले. काटा खाली. मला वाटलं झालं काम.

आठ दिवसांनी झाकण उघडलं तर हिरव्याचं शेवाळी झालेलं, पुढच्या दोन दिवसांत पुन्हा तपकिरी.

कारण साधं आहे. खालचा होज काढला की फक्त रेडिएटर रिकामा होतो. इंजिन ब्लॉकच्या आतल्या पोकळ्यांत आणि हीटरमध्ये जवळपास तेवढंच पाणी अडकून राहतं. हिशेबासाठी एकूण चार लिटर धरा (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा) आणि दर वेळी निम्मं निघतं असं धरा. एकदा काढलं की जुनं ५० टक्के उरतं. दुसऱ्यांदा २५, तिसऱ्यांदा १२.५, चौथ्यांदा ६. म्हणजे एकदा बदलून मी नव्या कूलंटमध्ये अर्धं जुनं बोअरिंगचं पाणी कालवलं होतं, वर तळाचा गाळ ढवळून.

डब्यातलं पाणी

पहिल्या रविवारी निघालेलं पाणी मी पारदर्शक डब्यात भरून ठेवलं होतं. मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे फेकून द्यायचा धीर झाला नाही. रात्रभर ते स्थिर राहिलं आणि सकाळी त्यात थर दिसले. वरती चहाच्या रंगाचं गढूळ पाणी. तळाशी मऊ तपकिरी गाळ, बोटांत चोळला तर रवाळ नाही, मेणासारखा पसरणारा: गंज. इंजिन ॲल्युमिनियमचं असलं तरी सिलिंडरचे लायनर लोखंडी असतात, पाण्याची नळी पत्र्याची असते, गंज तिथून येतो. गाळात मिसळलेले नखाएवढे पांढरे खवले. दोन खवले बशीत काढून व्हिनेगर टाकलं. कडेने बारीक बुडबुडे सुटले, हळूहळू, पण सुटत राहिले. चुनखडीचा थर, बोअरिंगच्या पाण्याचा. तिसरी गोष्ट मात्र मला आवडली नाही. खवल्यांच्या मध्ये साबुदाण्याच्या खळीसारखं बुळबुळीत पांढरं काहीतरी होतं, त्यावर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले नाहीत. ॲल्युमिनियम पाण्यात झिजतं तेव्हा त्याचं हायड्रॉक्साइड असंच दिसतं. म्हणजे रेडिएटर किंवा हेड आतून खाल्लं जात होतं.

लॅबमधली पीएचची पट्टी बुडवली, सहाच्या आसपास. चांगलं कूलंट साडेसातच्या वर असतं, ताजं असेल तर आठ-नऊच्या पुढेही. त्यातली गंजरोधक द्रव्यं पाणी अल्कधर्मी ठेवतात. मुंबईत पाणी गोठायची भीती नाही म्हणून कूलंट कशाला, असं बाबांसकट अनेकांना वाटतं. पण इथे कूलंट मुळात या गंजरोधकांसाठी हवं. उत्कलनबिंदू थोडा वाढतो तो वरचा फायदा.

निघालेलं पाणी बघायचं, ही सवय मला या प्रकरणाने लावली. गंज आहे की क्षार, तेलाचा तवंग आहे की ॲल्युमिनियमची खळ, यावर पुढे काय करायचं ते ठरतं. गाळ काढणं हा त्यातला सोपा भाग.

सोसायटीत सल्ले भरपूर मिळाले. कोणी लिंबूसत्व म्हणालं, कोणी एसीतून ठिबकणारं पाणी वापर म्हणालं, एकाने कॉस्टिक सोडा सुचवला. कॉस्टिक सोड्याचं आधी सांगते: ॲल्युमिनियमच्या इंजिनात तो कधीही, थोडासाही टाकू नका. तो धातू सरळ विरघळवतो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. लिंबूसत्वाने गंज आणि क्षार दोन्ही निघतात, हे खरं, पण प्रमाण चुकलं किंवा नंतर धुणं अपुरं राहिलं तर तेच आम्ल आत काम करत राहतं, आणि आमचं ॲल्युमिनियम आधीच झिजलेलं होतं. एसीचं पाणी वाफेचं झालेलं असलं तरी कॉइलवरची धूळ, बुरशी आणि तांब्याचे कण घेऊन येतं. ॲल्युमिनियमजवळ तांबं म्हणजे पुन्हा गंजाला आमंत्रण. आम्ही स्पेअर पार्टच्या दुकानातून ॲल्युमिनियमला चालणारं सौम्य फ्लशिंग लिक्विड आणि डिस्टिल्ड वॉटरचे पाच लिटरचे तीन कॅन आणले.

दुसरा रविवार

सकाळी सात वाजता सुरू केलं. इंजिन गार पाहिजे, त्याला दोन कारणं: भाजू नये, आणि तापलेल्या ॲल्युमिनियमवर गार पाणी पडून हेड वाकू नये.

वरच्या होजपाशी थर्मोस्टॅटचं घर असतं, त्याचे दोन बोल्ट काढले. आत थर्मोस्टॅटच नव्हता. काका नुसते हसले, त्यांनी हे शेकडो वेळा पाहिलंय. बाबांना आठवलं, आठ-दहा वर्षांपूर्वी गाडी तापली होती तेव्हा एका गॅरेजने "मुंबईच्या हवेत याची गरज नाही" म्हणून काढून टाकला होता. माझा पाव हिश्श्यावरचा काटा म्हणजे हेच होतं: इंजिन कधी नीट तापतच नव्हतं. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला उघडणारा दरवाजा असतो. तो नसेल तर सकाळी इंजिन गार राहून पेट्रोल जास्त खातं, ऑइलमधला दमटपणा उडून जात नाही. आणि रेडिएटर बुजलेला असेल तर थर्मोस्टॅट काढून काही मिळत नाही. त्या गॅरेजने तक्रार मिटवली, कारण तसंच ठेवलं.

आजच्या कामाला मात्र ते रिकामं घर सोयीचं होतं, पाणी मोकळं फिरणार होतं. नाहीतर थर्मोस्टॅट काढूनच फ्लश करावं लागतं, कारण गार इंजिनात तो बंद असतो आणि ब्लॉकमधलं पाणी हलत नाही.

हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. हे मुंबईत हमखास राहून जातं. वर्षानुवर्षं नॉब गारवर असतो, वाल्व बंद, आणि हीटरच्या आत जुना गाळ तसाच साचलेला. छेडानगरला हवा कोमट आली होती ती यामुळे.

आधी पालिकेच्या नळाचं पाणी रबरी पाइपने रेडिएटरच्या खालच्या तोंडातून वर, म्हणजे उलट दिशेने सोडलं. नळ अर्धाच उघडा. जुन्या प्लास्टिक टाकीचा सांधा जोराच्या दाबाने सुटू शकतो. सुरुवातीला तपकिरी, मग खवले, मग पाचेक मिनिटांनी स्वच्छ. ब्लॉकमध्येही तसंच सोडलं, आणि तिथून जे आलं त्याला वास होता, साचलेल्या डबक्यासारखा. होज बसवले, फ्लशिंग लिक्विड आणि पाणी भरलं, गाडी वीस मिनिटं जागेवर चालवली. पुन्हा गार होईपर्यंत थांबलो, दीड तास गेला, आईने पोहे खाली पाठवले. मग काढलं. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर भरायचं, गाडी गरम करायची, गार करायची, काढायचं, असं तीनदा. तिसऱ्यांदा परातीतलं पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचा पोचा दिसत होता.

या सगळ्यात वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणाऱ्या दोन मांजरांवर लक्ष ठेवायला शेजारची मुलगी बसवली होती. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि चमचा-दोन चमचे मांजराचा जीव घ्यायला पुरतात. परात एक मिनिटही उघडी सोडली नाही, सांडलेल्यावर वाळू टाकून झाडून घेतलं. हिरवं पाणी कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिलं. पार्किंगमधल्या जाळीत ओतलं नाही. ती पावसाळी गटाराची आहे, ते पाणी कुठलीही प्रक्रिया न होता खाडीत जातं, आणि ठाणे खाडी हे फ्लेमिंगोंचं अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. धुतलेलं फिकट पाणी बाथरूमच्या मोरीत, म्हणजे मलवाहिनीत सोडलं.

आता भरण्याचा हिशेब. पहिल्यांदा इथेच मी तयार मिश्रण आणून फसले होते. ब्लॉकमध्ये दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर अडकलेलं आहे, ते निघणार नाही. त्यात दोन लिटर तयार अर्धं-अर्धं मिश्रण भरलं तर एकूण चार लिटरमध्ये कूलंट फक्त एक लिटर, २५ टक्के. गंजरोधक पुरत नाहीत. म्हणून फ्लशनंतर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट आणायचं. आम्ही १.६ लिटर कॉन्सन्ट्रेट आणि ०.४ लिटर डिस्टिल्ड वॉटर भरलं, म्हणजे ४० टक्के. अर्ध्याच्या वर जाऊ नये, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. बाटलीवर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ (कूलंटची भारतीय आणि जपानी मानकं) लिहिलंय का ते पाहावं. हिरवा, लाल, निळा हा नुसता रंग असतो, त्यावरून आतलं रसायन कळत नाही, म्हणून दोन वेगळी कूलंट एकत्र करू नयेत.

८२ अंशांचा नवा थर्मोस्टॅट आणला होता. बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर ठेवून गॅसवर तापवला. ८१-८२ ला तोंड उघडायला लागलं. पाच मिनिटांचं काम आहे, नवा पार्ट खराब निघाला तर सगळी मेहनत वाया जाते. झाकणाचं रबरही कडक झालेलं, ते नवं घेतलं.

भरून गाडी चालू केली आणि दहा मिनिटांत काटा झपकन वर. माझ्या पोटात गोळा आला. काकांनी हात हीटरच्या झरोक्यावर ठेवला. गार हवा. "हवा अडकलीय गं, बंद कर." काटा गरम आणि हीटर गार, हे दोन्ही एकत्र म्हणजे एअर लॉक. गार होऊ दिली, पुढची चाकं गेटच्या रॅम्पवर चढवून नाक वर केलं, झाकण उघडं ठेवून चालू केली आणि काका वरचा होज हाताने दाबत राहिले. गुळण्या केल्यासारखा आवाज करत हवा निघाली, पातळी खाली गेली, भर घातली, आणि मग हीटरमधून पहिल्यांदा खरी गरम हवा आली.

नंतर

दुसऱ्या दिवशी वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्राशी हिरवा थेंब. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर पडून कळावं म्हणून. इतकी वर्षं सीलपाशी साचलेल्या क्षारांनी गळती अडवून ठेवली असावी, फ्लशने ती मोकळी केली. बाबा म्हणाले, "उगाच हात लावलास, चांगली चालली होती." मला तसं वाटत नाही. सील आधीच गेलं होतं, आम्ही ते फक्त दिसेल असं केलं. पंप बदलायला बेल्ट काढावा लागतो, ते मी गॅरेजमधून करून घेतलं, कूलंट त्यांना माझ्याच कॅनमधलं वापरायला सांगितलं.

आता काटा अर्ध्याच्या किंचित खाली येऊन थांबतो आणि तिथेच राहतो. जुलैत, एसी लावून, त्याच छेडानगरला पाऊण तास अडकले होते, हलला नाही. पीएचची पट्टी दर महिन्याला बुडवते, आठच्या वर आहे.

सगळं बरं झालेलं नाही. गाडी तापवून बंद केली, फॅनची वायर सोडवली (नाहीतर तो आपोआप सुरू होऊन बोटं जातात), आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात जवळ धरून फिरवला. बाकी सगळीकडे धग लागते, ड्रायव्हरच्या बाजूचा खालचा कोपरा, तळहाताएवढा, गार. तिथल्या नळ्या पूर्ण बंद आहेत. त्यांच्यातून पाणीच जात नाही, मग फ्लशिंग लिक्विड तरी कसं जाणार. पुढच्या एप्रिलच्या आधी रेडिएटर बदलायचा आहे. तोपर्यंत गाडी धुणाऱ्याला डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन देऊन ठेवलाय, आणि बाबांनी त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलंय: फक्त झेनसाठी.